लांब जाणाऱ्याला नवा माल

आमच्या तिसगावात माझं औषधांचं दुकान आहे, पूजा मेडिकल. पूजा ही माझी मुलगी. ती लग्न होऊन नाशिकला गेली आणि आता दुकानाकडं ढुंकून बघत नाही, पण पाटी तिच्याच नावाची राहिली. मी कानिफनाथ. मढीचा कानिफनाथ देव इथून जवळ, त्यामुळं आमच्या भागात दर चार घरांआड एक कानिफनाथ सापडतो. मला ओळखायचं तर 'मेडिकलवाला नाथा' म्हणावं लागतं. माझा स्वभाव तापट, गिऱ्हाईक मला बघून जरा बिचकतंच. तरी दुकान चाललं ते दानीएल उजागरे या माणसामुळं. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही.

उजागरेसाहेब सोळा-सतरा वर्षांपूर्वी फौजेतून नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गावी आले. फौज म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं बंदूक येते. यांच्या हातात सव्वीस वर्षं बंदुकीपेक्षा यादीच जास्त राहिली. लष्कराच्या वैद्यकीय खात्यात ते औषधांच्या कोठारावर होते. डोंगरावरच्या चौकीत किती पट्ट्या पाठवायच्या, किती सलाईन, किती स्ट्रेचर, कोणत्या पेटीत काय भरायचं आणि ती पेटी खेचराच्या कोणत्या बाजूला बांधायची, हे ठरवणं त्यांचं काम. गावाला यात काही शौर्य दिसायचं नाही. पारावर कुणी खोचकपणे विचारलं, "साहेब, गोळी कधी चालवली का?" तर ते म्हणायचे, "न्हाई बाबा. गोळी लागल्याव काय काय लागतं, ते बघितलं." आणि आपल्या वाटेनं चालू लागायचे.

घरी बसून माणूस गंजतो म्हणून ते माझ्याकडं आले. इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. आठ दिवसांत त्यांनी माझी सगळी कपाटं उलटीपालटी केली. मी भडकलो. पण पुढं वीज गेल्यावर अंधारात हात घातला तरी हवी ती गोळी सापडायला लागली, तेव्हा माझा राग उतरला.

एका बाबतीत मात्र आमचं कायम वाजायचं. औषधाच्या धंद्यात साधा नियम आहे, जुना माल आधी काढायचा. ज्याची मुदत आधी संपते तो पुढं, नवा मागं. उजागरेसाहेब गावातल्या गिऱ्हाइकाला नियमाप्रमाणं पुढचं पाकीट द्यायचे. पण कुणी लांबच्या वस्तीवरचं, डोंगरापलीकडचं आलं की मागं हात घालून कोरं पाकीट काढायचे. "कुठनं आलात?" हे आधी विचारायचे, "काय होतंय?" हे नंतर.

"साहेब, पुढचं पाकीट काय वाईट हाय का? सहा महिने मुदत हाय अजून," मी कुरकुरायचो.

"गावातल्याला वाटलं तर त्यो परत आणून देतो, नाथा. लांबचा कुठं येणार परत? लांब जाणाऱ्याला नवा माल."

दिवाळीच्या सुमाराला तर माझं डोकंच फिरायचं. आमच्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वाल्मिक मुकादमाची टोळी दर साल कोल्हापूरकडं जाते. साहेब त्याला आठ दिवस आधी बोलावून घ्यायचे, बाकावर बसवायचे आणि उलटतपासणी सुरू करायचे. "किती कोयते?" वाल्मिक सांगायचा, "चौदा." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा अठ्ठावीस माणसं आणि वर पोरंबाळं. "किती महिने? तिथनं दवाखाना किती लांब? पोटुशा बाया किती?" वाल्मिक घामाघूम व्हायचा. मग साहेब वहीत मांडणी करायचे. अठ्ठावीस माणसं, पाच महिने, म्हणजे हातापायाला कोयता लागणार इतक्यांदा, त्यातली एखादी जखम खोल. जुलाब इतके, ताप इतके. पत्र्याच्या पेटीत सगळ्यात वर रक्त थांबवायचं सामान, कारण रक्ताला शोधाशोध चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि पेटीतला माल सगळा नवाकोरा. टोळीतल्या बाया तिला 'सायबाची पेटी' म्हणत. जुना माल माझ्या बोडक्यावर राहायचा.

पाच वर्षांपूर्वी अशीच पेटी भरणं चाललं होतं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रक्त काढताना दंडाला आवळतात ते रबरी पट्टे माझ्याकडं दोन डझन वर्षानुवर्षं पडून होते. मी म्हटलं, "हेच टाका की पेटीत. रबराला कसली आलीय मुदत?"

साहेबांनी त्यातला एक घेतला. ताणून बघितला. चांगला लांब झाला. मला वाटलं, जिंकलो. पण त्यांनी काय करावं, इन्सुलिनच्या फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा उघडला आणि पट्टा आत ठेवून दिला. म्हातारा चळला, असं मी मनात म्हटलं. चहा मागवला, तो पिऊन झाला, पेपरही वाचून झाला. तासाभरानं त्यांनी पट्टा बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरून ताणला. ताणला तसा तुटला. दोन तुकडे दोन हातांत.

ते बाकावर बसले. तुकडे तसेच हातात. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्याआधी त्यांनी फक्त कृपाबाईंना, त्यांच्या बायकोला सांगितलं होतं.

बावीस एक वर्षांपूर्वी फौजा दहा महिने सीमेवर उभ्या होत्या. युद्ध असं झालं नाही, पण वरच्या चौक्यांवर तोफांचे गोळे पडत होते. साहेब तेव्हा हवालदार, डोंगराच्या पायथ्याच्या तळावर कोठार सांभाळायचे. एक दिवस दारात एक तरणा जवान येऊन उभा राहिला. "तिसगावचे का साहेब तुमी? मी वैजनाथ. वढ्यापल्याडच्या वस्तीवरचा, साळूबाईचा." तिथं गावचं माणूस भेटणं म्हणजे काय ते आपल्याला कळायचं नाही. तासभर बसला. बुखारीवर हात शेकले, म्हणजे तिथं खोली तापवायला शेगडी असते तिच्यावर. बाजरीची भाकरी, मढीची जत्रा, सगळं बोलून झालं. दुसऱ्या दिवशी त्याची तुकडी वरच्या चौकीवर जाणार होती. जाताना हसत म्हणाला, "साहेब, आमच्या पेटीत काय कमी टाकू नका बरं."

"गावच्या पोराच्या पेटीत कमी टाकंल का मी?" असं साहेब म्हणाले.

आणि त्यांनी कमी टाकलंच नाही. चौकीवर तीस माणसं. त्यातली किती जखमी होतील, किती चालत खाली येतील, किती उचलून आणावी लागतील, बर्फामुळं खेचर किती दिवस वर पोचणार नाही, सगळी मांडणी बिनचूक. रक्त थांबवायचे रबरी पट्टे दहा. कोठारात पट्ट्यांचे दोन गठ्ठे होते. एक सहा वर्षांपूर्वीचा, एक महिन्यापूर्वी आलेला. नियम काय? जुना माल आधी. तोवरच्या वीस वर्षांत उजागऱ्यांच्या कोठारात एकही वस्तू पडून वाया गेली नाही, याचा त्यांना मोठा गर्व होता. वरचे अधिकारी येऊन शाबासकी देऊन जायचे. तरी सावध माणूस, जुन्या गठ्ठ्यातले दोन-तीन पट्टे त्यांनी ताणून बघितले. चांगले लांब झाले.

"बुखारीपाशी बसून ताणले, नाथा," साहेब म्हणाले. "उबेत."

अकराव्या दिवशी चौकीवर गोळा पडला. वैजनाथच्या मांडीत तुकडा घुसला. चौकीवर बिभीषण नावाचा मलमपट्टीचं शिकलेला जवान होता. त्यानं पेटी उघडली, सगळ्यात वरच पट्टे होते. पहिला बांधायला ताणला, तुटला. दुसरा तुटला. तिसराही तुटला. मग त्यानं कमरेचा पट्टा बांधला, दोरी आवळली, पण तोवर रक्त फार गेलं होतं. चाळीस मिनिटांनी वैजनाथ गेला.

चौकशी झाली. माल मुदतीत होता, नियमाप्रमाणं दिला होता, तपासून दिला होता. कागद मिटला. बिभीषण खाली उतरला तेव्हा त्यानं तिन्ही पट्ट्यांचे तुकडे एका पाकिटात घालून साहेबांच्या हातात दिले.

"मला कुणी एका शब्दानं बोललं न्हाई," साहेब म्हणाले. "बोलले असते तर बरं झालं असतं. जुना माल हितं ठेवायचा, जवळच्या हास्पिटलला वापरायचा. जिथनं माणूस 'हे फाटलं, दुसरं द्या' म्हणाया येऊ शकत न्हाई, तिथं नवा पाठवायचा. हे मला कळाया वैजनाथ जावा लागला."

त्या दिवसापासून मी पाकिटांवरून त्यांच्याशी भांडलो नाही.

आता साळूबाई. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ती एकटी राहते. नवरा आधीच गेलेला, लेक श्रीगोंद्याला काष्टीत दिलेली. दर बाजाराच्या दिवशी ती वस्तीवरून चालत येते. वाटेत कुणी गाडी थांबवली तर म्हणायची, "एवढ्याशा वाटंला कशाला गाडी?" बाजार करून माझ्या दुकानात यायची, बाकावर टेकायची, पाणी प्यायची, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायची. आणि पिशवीतून मेथीची जुडी, वाटाण्याच्या शेंगा, काहीबाही काढून साहेबांपुढं ठेवायची. "दानेलदादा, तुमी हुता तिथं. माझ्या वैजूला शेवटचं बघनारं गावचं मानूस तुमीच." साहेब ती जुडी दोन्ही हातांनी घ्यायचे. तिच्या गोळ्यांचं पाकीट मागून, कोरं काढायचे. घरी गेल्यावर ती भाजी ते खायचे नाहीत, असं कृपाबाई सांगायच्या.

बाकावर शेजारी कुणी नवीन बसलेलं असलं की साळूबाई पिशवीतलं पत्र काढायची. पल्टणीच्या साहेबानं तेव्हा पाठवलेलं, तिनं प्लास्टिक चढवून घेतलेलं. वाचता येत नव्हतं, पण शब्द न् शब्द पाठ. "जागच्या जागी गेला माझा वैजू. पानी मागाया बी येळ न्हाई लागला त्याला. सायबांनी लिवलंय ना हितं. तेवढं बरं केलं देवानं." असं म्हणून पत्र घडी घालून परत ठेवायची.

हे आम्ही दोघांनी शेकडो वेळा ऐकलं असेल. साहेब खाली मान घालून ऐकायचे, मी पाकिटं लावता लावता ऐकायचो. आणि आमच्या दोघांच्याही टाळक्यात कधी उजेड पडला नाही.

मागल्या जानेवारीत वस्तीवरच्या शाळेला वैजनाथच्या नावाची कमान बांधून झाली. सव्वीस तारखेला उद्घाटन ठरलं. पुढारी बोलवायचा की तहसीलदार, यावर पोरांचा काथ्याकूट चालला होता. साळूबाईनं एका वाक्यात मिटवलं. "फीत दानेलदादा कापतील. दुसऱ्या कुनाचा हात लागायचा न्हाई."

ती स्वतः दुकानात येऊन आमंत्रण देऊन गेली. साहेबांचा चेहरा उतरला. त्या आठवड्यात त्यांनी सव्वीस वर्षांची फौज आणि माझ्याकडची सोळा वर्षं मिळून पहिल्यांदा पाकिटाची चूक केली, साखरेच्या आजाराच्या गोळ्या मागणाऱ्याला दुसरंच पाकीट दिलं. मी वेळेवर बघितलं म्हणून बरं. जेवण तुटलं. बाकावर बसून उजव्या हाताकडं बघत राहायचे.

"या हातानं पट्टे भरले, नाथा. याच हातानं तिच्या पोराच्या नावाची फीत कापू? तिला सांगितल्याबिगर न्हाई जमायचं मला. आधी सांगतो. मग तिनं जोड्यानं मारलं तरी चालंल."

कृपाबाईंचा याला विरोध होता. डबा द्यायला आल्या तेव्हा माझ्यासमोरच म्हणाल्या, "तुम्ही देवाला सांगितलंत, वीस वर्षं सांगताय. त्यानं क्षमा केली असेल. आता म्हातारीला कशाला?"

"वैजनाथ देवाचा न्हाई गेला, कृपा. तिचा गेला."

"सांगून तुमचं ओझं उतरेल हो. पण ते ठेवणार कुठं? तिच्याच डोक्यावर ना?"

बाई शहाणी. पण मी मध्ये पडलो. रोज तो उतरलेला चेहरा बघून मला वैताग आला होता, खरं सांगतो. मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. साहेब, एकदाचं सांगून टाका आणि मोकळे व्हा. मी नेतो गाडीवर." मोकळे व्हा, हा शब्द माझा. तो मला आजही टोचतो.

पंचवीस तारखेला दुपारी आम्ही वस्तीवर गेलो. साळूबाई अंगणात सुपात तूर पाखडत होती. आम्हाला बघून उठली, आतून घोंगडी आणून टाकली, चहाचं बघायला निघाली. साहेब म्हणाले, "चहा नगं आक्का. बसा. मला बोलायचंय."

ती बसली. साहेब घोंगडीवर बसले नाहीत, तिच्यासमोर मातीतच बसले, इस्त्रीच्या पँटीनिशी. सगळं सांगितलं. दोन गठ्ठे, जुना आणि नवा. बुखारीची ऊब. वरची थंडी, तुटलेले तीन पट्टे. काही लपवलं नाही, स्वतःला सावरूनही घेतलं नाही. मग खिशातून ते पाकीट काढलं आणि तुटलेला पट्टा तिच्यापुढं सुपाशेजारी ठेवला. काळा, वाळलेला, चामड्याच्या वादीच्या तुकड्यासारखा.

"माझ्या हातनं झालं, आक्का. नवे पट्टे माझ्याकडं हुते. मी जुने दिले."

साळूबाईनं पट्टा उचलला नाही. नुसतं बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, आता शिव्या देईल, आता रडेल. एक कोंबडी सुपाकडं आली, तिला तिनं हातानं हाकललं.

"तीन पट्टे लावले?" तिनं विचारलं.

"व्हय."

"येकामागं येक?"

"व्हय आक्का."

"मेलेल्याला कोन पट्टा लावतंय, दादा?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. साहेबांच्याही ध्यानात आलं असावं, कारण पट्टा उचलायला त्यांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. सव्वीस वर्षं ज्या माणसानं चौकीवर काय लागेल, कधी लागेल, किती लागेल याचा विचार केला, त्यानं हा विचार केला नव्हता.

"म्हंजी जित्ता हुता," साळूबाई म्हणाली. "पल्टणीच्या सायबांनी तर लिवलं, जागच्या जागी."

तिनं साहेबांकडं बघितलं.

"किती येळ हुता?"

मी साहेबांच्या दंडाला हात लावला. खोटं बोला, असं मला म्हणायचं होतं. दोन मिनिटं म्हणा, शुद्ध नव्हती म्हणा, काहीही म्हणा. पण आकडा विचारला की खरा आकडा सांगायचा, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली.

"चाळीस मिनिटं," साहेब म्हणाले.

साळूबाईनं मान हलवली. सूप उचललं, दोनदा पाखडलं, परत खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्या येळंवर या. फीत तुमीच कापायची. आता दुसऱ्या कुनाला बोलावलं तर लोक इच्यारतील का म्हून. मग मला ह्ये सांगावं लागंल. मला न्हाई सांगायचं कुनाला." पट्ट्याकडं बोट करून म्हणाली, "आन् ह्ये घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फीत कापली. कात्री ऐन वेळी सापडेना म्हणून माझ्या दुकानातली पट्ट्या कापायची कात्री दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, भारत माता की जय झालं. सरपंचानं भाषणात सांगितलं की वैजनाथला जागच्या जागी वीरमरण आलं, आणि साळूबाई पहिल्या रांगेत पदर सारखा करून ऐकत होती. साहेब खुर्चीत पुतळ्यासारखे बसून होते. त्यांना मोकळं करायला मी नेलं होतं.

पुढचे दोन बाजार साळूबाई आली नाही. तिसऱ्या बाजाराला आली. बाकावर टेकली, पाणी प्याली. पत्र काढलं नाही. साहेबांनी मागून कोरं पाकीट काढलं, तिच्यापुढं ठेवलं.

"दादा," ती म्हणाली, "मला घड्याळ कळत न्हाई. चाळीस मिन्टं म्हंजी किती वो?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस हातचं राखून बोलेल. त्यांनी विचार केला, तोही अगदी मन लावून केला, जणू वाल्मिकच्या टोळीची पेटी भरताहेत.

"तुमी वस्तीवरनं हितवर चालत येता ना आक्का," ते म्हणाले, "तेवढा येळ."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. साळूबाई दाराबाहेर रस्त्याकडं बघत होती, जिथून ती नुकतीच आली होती.

"लई झाला की," ती म्हणाली.

मी गल्ल्यावरून उठलो, म्हटलं, "साळूबाई, चला, मी गाडीवर सोडतो." तिनं मान हलवली. "नगं. त्याला न्हाई भेटली गाडी." पिशवी उचलली आणि चालू लागली.

आता ती रोज जुन्याच वाटेनं येते, बाजार असो नसो. सामान घ्यायचं नसतं, गोळ्या संपलेल्या नसतात. वस्तीवरून निघते, दुकानापर्यंत येते, पाणी पिते आणि माघारी जाते. लोक म्हणतात, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी कुणाला काही सांगत नाही. पाय सुजलेत तिचे. डॉक्टरनं चालणं कमी करायला सांगितलंय.

उजागरेसाहेब हल्ली सकाळी दुकानात उशिरा येतात. कुठं जाता, हे मी विचारलं नाही. परवा पाथर्डीहून माल घेऊन येताना मला ओढ्यावरच्या फरशी पुलावर दोघं दिसली. ती पुढं, काठी टेकत. साहेब दोन पावलं मागं, हातात तिची पिशवी आणि पाण्याची बाटली. कडेला दगड आहे, त्याच्यावर साळूबाई टेकली. मला फरशी ओलांडायची होती, पण मी गाडी बंद करून थांबलो. पुढं जाववेना.

"हितपोतर बोलत आसंल का वो त्यो?" तिनं विचारलं.

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. "आसंल, आक्का," ते म्हणाले.

तिनं बाटलीतलं पाणी घेतलं. तोंडापर्यंत नेलं आणि न पिताच परत दिलं. काठी टेकून उठली.

"चला मग," म्हणाली.

दुकान तिथून अजून वीस मिनिटांवर होतं.